जावई नावाचं वळण

परवा फोनवर तू फार चिडला होतास. तुझा आवडता मोटारसायकलस्वार दोन वर्षं सगळ्यांच्या पुढे होता आणि यंदा इंजिनाचे नियम बदलले म्हणून मागे पडला. "आजी, हरवता येत नाही म्हणून नियमच बदलायचा, हा अन्याय नाही का?" असं तू विचारलंस. मागून तुझी बहीण ओरडली, "अन्याय कसला? आता कुठे बघायला मजा येतेय!" मी म्हटलं, लिहून कळवते. आजीला मोटारसायकलीतलं काय कळतंय, वेळ मारून नेली, असं तुम्हां दोघांना वाटलं असेल. तसं नाही. तुमचं हेच भांडण मी वाईला आमच्या ओट्यावर ऐकलं आहे, तुमचे बाबा जन्मायच्याही आधी. पण ते ज्या माणसामुळे झालं तो माणूस आधी कळला पाहिजे. म्हणून पहिल्यांदा माणूस सांगते, मग शर्यत. मध्येच शर्यत घुसली तर सांभाळून घ्या.

लग्न झाल्यावर मी सांगली सोडून वाईला आले. तुमचे आजोबा तिथल्या कोर्टात नवे वकील होते आणि मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. आम्ही ज्यांच्याकडे दोन खोल्या घेऊन राहत होतो ते निवृत्त ओव्हरसिअर होते. सगळी हयात त्यांनी रस्ते आणि मोऱ्या बांधण्यात घालवली होती. गावात त्यांना ओव्हरसिअर म्हणत, आम्ही भाडेकरू आबा म्हणायचो. धोतर, त्यावर खाकी कोट, डोक्यावर साहेबी टोपी आणि हातात छत्री. ती छत्री त्यांनी कधी उघडली नाही. तिच्या दांड्यावर चाकूने फूट आणि इंचांच्या खुणा केलेल्या होत्या. भर पावसात ते छत्री काखेत धरून भिजत घरी येत आणि काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, दारातच म्हणत, "उघडली असती तर काय झिजली असती?" आबा शांतपणे सांगत, "मापाची वस्तू भिजवू नये. लाकूड फुगतं."

आबांना एकच वेड होतं. कुठल्याही खेळात किंवा कामात एकच माणूस सारखा पुढे राहिलेला त्यांना खपत नसे. ते रागावत नसत; नुसता नियम बदलत. माझ्याशी बुद्धिबळ खेळताना त्यांनी पहिल्यांदा स्वतःचा वजीर काढून बाजूला ठेवला. मी लागोपाठ जिंकायला लागले तेव्हा वजीर परत आला आणि माझे दोन्ही घोडे गेले. मग मी हरायला लागले तेव्हा एक घोडा तबेल्यात राहिला आणि एक पटावर आला. "आबा, हे काय चाललंय?" मी विचारलं. ते म्हणाले, "वजन तोलतोय. कोण जिंकणार हे बसण्याआधीच ठाऊक असेल तर तो डाव नव्हे, ती वरात. वरातीत घोड्यावर कोण बसणार ते ठरलेलंच असतं."

आता नहाणीची गोष्ट सांगते, ती पुढे उपयोगी पडेल. आम्ही चार बिऱ्हाडं होतो आणि नहाणी एक, बंब एक. पहिला जाईल त्याला कडकडीत पाणी, शेवटच्याला कोमट. रोज समोरच्या खोलीतले मास्तरच पहिले घुसतात म्हणून तक्रार झाली. आबांनी नियम केला : आज जो पहिला, तो उद्या शेवटचा. बाकीच्यांनी आपापसात बघून घ्यावं. किती सरळ नियम! पण आठवडाभरात काय झालं? पहिलं जायला कुणीच तयार होईना. सगळ्यांना दुसरं जायचं होतं. सकाळी चारही बिऱ्हाडांतले पुरुष पंचे खांद्यावर टाकून अंगणात उभे, एकमेकांकडे बघत, "तुम्ही व्हा पुढे", "छे छे, आधी तुम्ही", आणि तिकडे बंब गार होतोय. तुमच्या आजोबांना एकदा कोर्टात उशीर झाला. ते तणतणले तेव्हा आबा म्हणाले, "वकीलसाहेब, नियम एका ओळीचा आहे. पण त्याच्याभोवती माणसं कशी नाचतात बघितलंत? हे बघायला मी तिकीटसुद्धा काढलं असतं."

मोटारसायकलीशी आबांचा संबंध जुना होता. नोकरीत त्यांचा साहेब इंग्रज होता आणि तो कामावर साइडकारवाल्या मोटारसायकलवरून फिरे. साइडकार म्हणजे बाजूला जोडलेली एका चाकाची पेटी. तिच्यात मांडीवर नकाशांच्या गुंडाळ्या घेऊन आबा बसत. मी एकदा विचारलं, "तुम्ही कधी मोटारसायकलवर बसलात का हो, आबा?" ते म्हणाले, "जन्मभर. पण शेजारी." साहेबाने एकदाही हँडल त्यांच्या हाती दिलं नव्हतं. नंतर मोतीबिंदू वाढला आणि तो विषयच संपला. तो साहेब जाताना मोटारसायकलींच्या इंग्रजी मासिकांचा गठ्ठा ठेवून गेला होता, त्यात पुढे आबा पुण्याहून मागवून भर घालत. डोळ्यांना दिसेनासं झाल्यावर ती मासिकं त्यांना वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण ते प्रत्येक वाक्याला थांबवून मलाच समजावून सांगत.

एकदा मी वाचलं की युरोपात युद्धाआधी इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप लावत आणि ती यंत्रं सुसाट पळत. युद्धानंतर तो पंप शर्यतीत बंद केला. झालं, ज्यांनी पंपात सगळी अक्कल घातली होती ते मागे पडले आणि साधी इंजिनं करणारे पुढे आले. आबा मांडीवर थाप मारून म्हणाले, "परत वाच." मी परत वाचलं. "नियम म्हणजे परीक्षेतला प्रश्न, बाई. प्रश्न बदलला की वर्गातला पहिला नंबर बदलतो. मुलं तीच." दुसऱ्या एका लेखात होतं की तिकडे इंजिनाच्या मापाप्रमाणे गट पाडतात, लहानांत लहान, मोठ्यांत मोठी. ते मात्र त्यांना पटलं नाही. "त्यांच्याकडे गाड्या पुष्कळ. आपल्याकडे तीन. गट पाडले तर तिघेही पहिले, आणि तिघांच्या बायका खूश."

तीन गाड्या म्हटल्या त्या अशा. युद्ध संपलं आणि लष्कराचं टाकून दिलेलं सामान विकायला निघालं. त्यातली एक मोटारसायकल आष्ट्याजवळच्या एका शेतकरी घरातल्या हवालदाराने घेतली. हा गडी आफ्रिकेच्या वाळवंटात मोटारसायकलवरून फौजेचे हुकूम पोचवायचं काम करून परत आला होता. बहीण वाईला दिली होती, म्हणून येणं-जाणं असे. दुसरी गाडी सांगलीच्या एका हळदीच्या व्यापाऱ्याच्या मुलाची, नवीकोरी, विलायती, म्हशीएवढी. तो पाचगणीला हवा खायला यायचा. तिसरी शिरवळच्या एका हॉटेलवाल्याची. ती इतकी हलकी आणि किरकोळ होती की गाव तिला शिवणयंत्र म्हणे. मालकही तसाच, काडीसारखा.

दसऱ्याला तिन्ही गाड्यांना झेंडूच्या माळा घालून ते तिघे योगायोगाने पसरणी घाटाच्या पायथ्याशी जमले आणि कुणाची गाडी आधी वर चढेल यावरून बाचाबाची झाली. आबा तिथे होतेच. छत्री आडवी धरून म्हणाले, "आज सण आहे, भांडू नका. उद्या सकाळी चढा, मी निकाल देतो." अशी शर्यत सुरू झाली. दर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, पायथ्यापासून घाटमाथ्यापर्यंत.

त्या घाटाची कितीतरी दुरुस्ती आबांच्या हाताखाली झालेली. वळणांना त्यांनी नावं दिली होती. आत्याबाई म्हणून एक होतं. लांबून साधं दिसायचं आणि जवळ गेलं की खेकसायचं. मामा म्हणजे ऐसपैस वळण, दम लागला तर तिथे थांबावं. आणि माथ्याच्या अलीकडे जावई. एकदम चढ, एकदम वाकडं. दर पावसाळ्यात त्याची संरक्षक भिंत ढासळायची. आबा म्हणत, "त्याला कितीही द्या, पुढच्या वर्षी हात पसरून उभाच."

शर्यत सुटण्याआधी आबा काकूंच्या कानात जिंकणाऱ्याचं नाव सांगून ठेवत. पहिल्या वर्षी सांगितलं, "हवालदार." तो इतका पुढे आला की बाकीचे पोचेपर्यंत माथ्यावर बसून त्याचा चहा झाला होता. सांगलीकर दुसरे आले. शिरवळकर तर शिवणयंत्र जावयाच्या वळणावरून ढकलतच घेऊन आले. नाव बरोबर निघालं तर आबांनी खूश व्हायला हवं, पण ते दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. काकू म्हणाल्या, "नाव चुकलं असतं तर पेढे वाटले असते ह्यांनी."

दुसऱ्या वर्षी नियम आला. पेट्रोल तेव्हा रेशनवर होतं. आबांनी जाहीर केलं की तिघांच्याही टाक्या रिकाम्या करायच्या, प्रत्येकाला एकाच पितळी तांब्याने मोजून सारखं पेट्रोल द्यायचं, आणि वर जाऊन परत खाली यायचं. काकू हळहळल्या, "माझा तांब्या!" सांगलीकरांची म्हैस माथ्यावरच कोरडी पडली. शिवणयंत्र मुंगीच्या गतीने वर गेलं आणि खाली आलं, पेट्रोल उरलं. पण त्याच्या आधी हवालदार खाली येऊन उभा होता. त्याने उतारावर इंजिनच बंद केलं होतं आणि सगळा घाट गाडी नुसती सोडून उतरला होता, वाऱ्यासारखा, आवाज न करता. दुसरा आणि तिसरा यांची अदलाबदल झाली, पहिला तोच. आबांनी काकूंच्या कानात सांगितलेलं नावही तेच होतं.

सांगलीकर आणि शिरवळकर दोघांनीही कळवलं की पुढच्या दसऱ्याला आम्हाला मोजू नका, हवालदारांच्या वरातीत नाचायला आम्ही रिकामे नाही. आपलाच शब्द असा परत आल्यावर आबा अस्वस्थ झाले. त्यांनी नवा नियम काढला : मागच्या खेपेला जो पहिला आला त्याच्या गाडीवर वाळूचं पोतं. तेव्हा ते दोघे यायला कबूल झाले.

ही बातमी कळल्यावर हवालदार आमच्या ओट्यावर आला. मी आतल्या खोलीत वह्या तपासत होते. सगळं ऐकू येत होतं.

"आवं आबा, हाईसा का?"

"या हवालदार, बसा. चहा टाकायला सांगतो."

"च्या ऱ्हाऊ द्या. वाळूचं पोतं कुणाच्या गाडीवर, त्येवढं सांगा."

"मागच्या वेळी पहिला आला त्याच्या."

"म्हंजी माज्या."

"आता तुम्हीच पहिले आलात, त्याला मी काय करणार?"

हवालदार हसला नाही. "आबा, माजी गाडी भंगारातली. सांगलीकराची नवीकोरी. मी म्होरं येतो ते गाडीमुळं न्हाई. वाळवंटात वर्सानुवर्सं वाळू खाल्ली तवा ह्यो हात बसलाय. तुमी पोतं गाडीवर न्हाई ठेवत. माज्या शिकण्यावर ठेवताय."

आबा म्हणाले, "शिकण्यावर वजन पडलं म्हणूनच शिकणं वाढतं. तांब्याने पेट्रोल दिलं तेव्हा इंजिन बंद करून उतरायचं तुम्हालाच सुचलं ना? नियम नसता तर सुचलं असतं?"

"ते लढाईतच सुचलं व्हतं. तितं तुमी नव्हता, आबा."

मी आत हसले, पण पुढचं ऐकून थांबले. साताऱ्याचे एक ट्रकमालक होते, गूळ-हळदीची वाहतूक करणारे. त्यांना वर्कशॉप सांभाळायला माणूस हवा होता. या शर्यतीचं त्यांनी ऐकलं होतं आणि शब्द दिला होता की यंदा मी स्वतः बघायला येतो, जो पहिला येईल त्याच्या हाती माझं वर्कशॉप.

"थोरल्या भावांच्या उसात मी पावना हाय, आबा," हवालदार म्हणाला. "फौजंत व्हतो तवा पैसं धाडायचो तर सगळी धाकलं सरकार म्हनायची. आता ताटावर बसलो की वयनी इचारती, अजून भाकरी वाडू का, आन् हात झाकनावरच. मला दुसरं काय येत न्हाई. गाडी येती. ती बी तुमी वाळूत रुतवा."

तो निघून गेला. काकू दारात उभ्या होत्या. "ऐकलंत? तुमचा होतो खेळ आणि त्याचं पोट त्यावर आहे."

आबा बराच वेळ छत्रीच्या खुणांवर अंगठा फिरवत राहिले. "पोतं काढलं तर ते दोघे येणार नाहीत," ते म्हणाले. "शर्यतच झाली नाही तर ट्रकमालक बघणार काय? आणि पोतं ठेवलं तर हा चढणार कसा?" त्या आठवड्यात त्यांनी माझ्याकडून एकही मासिक वाचून घेतलं नाही. रोज नदीच्या घाटावर जाऊन पाण्याकडे तोंड करून बसायचे. मग एका सकाळी, अंगणात पंचेवाले उभे असतानाच, त्यांनी छत्री वर केली. "सापडला! पोतं रद्द. गाड्या तीन, चिठ्ठ्या तीन. ज्याच्या हाती ज्याची चिठ्ठी त्याने त्याची गाडी चालवायची. स्वतःची आली तर परत काढायची. गाडी कुणाचीही, हात ज्याचा त्याचा!"

हवालदार खूश झाला. सांगलीकर म्हणाले, "बघू या तर, त्या शिवणयंत्रावर हवालदार काय दिवे लावतो." शिरवळकरांना म्हशीवर बसायची मनातून हौस होतीच. मलाही हा नियम फार सुंदर वाटला. बंबाचा धडा आम्हाला ज्यांनी शिकवला तेच तो विसरले होते, आणि आम्हीही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी घाटात ही गर्दी. ट्रकमालक आले होते; जाडजूड, पांढरा फेटा, हातात काठी. आबा आणि काकू माथ्यावर होते. मला आणि तुमच्या आजोबांना जावयाच्या वळणावर उभं केलं होतं, तिथे कुणी कुणाला ढकललं तर साक्षीला. वकील आणि मास्तरीण, म्हणजे साक्ष पक्की. ट्रकमालकही आमच्याजवळ येऊन दगडावर बसले. काकूंच्या कानात यंदाही नाव गेलं होतं, हवालदार.

पायथ्याशी चिठ्ठ्या निघाल्या. हवालदाराला शिवणयंत्र आलं, शिरवळकरांना म्हैस आणि सांगलीकरांना हवालदाराची भंगारातली गाडी. शिट्टी झाली. खालून तीन आवाज आत्याबाईपर्यंत नीट आले. मामापाशी त्यातला एक खोकायला लागला. मग दुसरा. जावयाच्या तोंडाशी तिघेही जवळजवळ एकदमच आले, कारण तिघेही धापा टाकतच येत होते. शिवणयंत्रातून काळा धूर येत होता. म्हैस दोन फटाके वाजवून रस्त्यात आडवी थांबली, आणि तिच्यावरचे शिरवळकर पाय टेकेनात म्हणून तिच्याबरोबर हळूच आडवे झाले. हवालदाराची गाडी सांगलीकरांच्या खाली नुसती मेली.

तिघे एकमेकांकडे बघत राहिले. पहिल्यांदा हवालदारच बोलला.

"हॉटेलवालं, ह्या शिवणयंत्रात काय घातलंया?"

"काय न्हाई बा."

"वास येतोय की. रॉकेल हाय!"

शिरवळकर उठून धोतर झटकत म्हणाले, "थोडंच घातलंय. पर ही म्हस का बसली त्ये इचारा की मालकाला!"

सांगलीकर टोपी काढून डोकं खाजवायला लागले. "जुना प्लग घातलाय. नवा घरी काढून ठेवला. तुम्ही चालवणार म्हटल्यावर मी कशाला चांगला घालू? पण हवालदार, तुमची गाडी कशाने मेली? तुम्ही तरी सरळ माणूस!"

हवालदार खाली बघून म्हणाला, "पेट्रोलच्या नळीत चिंधी हाय. सपाटीला चालतंय. चढाला दम घुटतो." मग नळीकडे बोट दाखवून, "मी बी तेच केलं, गड्या."

तुमचे आजोबा माझ्या कानाशी आले. "बंब," ते म्हणाले. "दुसरं काही नाही, आपला बंब!" मला हसू आवरेना. प्रत्येकजण धरून चालला होता की बाकीचे दोघे चांगली गाडी आणतील.

पण हवालदाराचं हसण्यावारी नव्हतं. त्याने ट्रकमालकांकडे एकदा बघून घेतलं आणि कोटाच्या खिशातून पाना काढला. म्हैस रस्त्यात आडवी होती. ती उठल्याशिवाय कुणालाच पुढे जाता येणार नव्हतं. तो दोघांना म्हणाला, "ऐका. तिनी गाड्या चालू झाल्याबिगर कुनी निगायचं न्हाई. मग हितनं शिट्टी, आन् वरपतूर शर्यत. कबूल?"

"कबूल," दोघे म्हणाले. दुसरं म्हणणार काय? त्या दोघांना प्लग कुठे असतो एवढंच ठाऊक होतं.

हवालदाराने खिशातला जादा प्लग म्हशीला घातला. शिवणयंत्राची टाकी गटारात ओतली आणि म्हशीच्या टाकीतलं पेट्रोल तिच्यात घेतलं. शेवटी स्वतःच्या गाडीची नळी काढून तोंडाने ओढून चिंधी बाहेर काढली आणि पचकन थुंकला. शिरवळकर त्याला फडकं देत होते, सांगलीकर पाना धरून उभे होते. ट्रकमालक दगडावरून उठून अगदी जवळ जाऊन बघत होते.

माथ्यावर काय चाललं होतं ते काकूंनी नंतर सांगितलं. तिन्ही आवाज बंद पडल्यावर आबा उभे राहिले. "जावयाने धरलं," म्हणाले. मग बराच वेळ काहीच नाही. मग एक आवाज, मग दुसरा, मग तिसरा. आणि शिट्टी. आबांना दिसत नव्हतं, पण कान तीक्ष्ण होते. शिट्टी ऐकून त्यांनी काकूंचा हात धरला. "अगं, त्यांनी आपला आपण नियम केला! खाली, माझ्याशिवाय!" आवाज वर यायला लागले, तिन्ही एकमेकांत गुंतलेले. काकूंनी विचारलं, "आता कोण?" आबा कान देऊन ऐकत राहिले. मग टोपी काढली आणि लहान मुलासारखे हसले. "ठाऊक नाही. खरंच सांगतो, ठाऊक नाही!"

सांगलीकर पहिले आले, हवालदाराच्या गाडीवर. त्यांच्या मागोमाग शिरवळकर, म्हशीच्या पाठीवर डोळे मिटून. आणि शिवणयंत्रावर हवालदार, एका चाकाने मागे. आम्ही पायवाटेने वर पोचलो तेव्हा माणसं ओरडत होती, कुणी म्हणे निकाल रद्द करा, तिघांनीही लबाडी केली. आबांनी छत्री आडवी धरली. "वाईट गाडी आणू नये असं मी म्हटलंच नव्हतं. चूक नियमाची. नियम करणाऱ्याची. निकाल लागला तो लागला. सांगलीकर पहिले."

हवालदाराने सांगलीकरांच्या गळ्यात झेंडूची माळ घातली आणि बाजूला जाऊन शिवणयंत्राला टेकून उभा राहिला. त्याच्याकडे बघवत नव्हतं.

ट्रकमालक काठी टेकत आबांसमोर आले. "ओव्हरसिअर, आता माझी पंचाईत. मी पंचक्रोशीत शब्द देऊन बसलोय, पहिला येईल त्याला वर्कशॉप. ह्या हळदवाल्याच्या पोराला देऊ? त्यो माझ्या ट्रकांत चिंध्या बी शोधायचा न्हाई. आणि शब्द मोडू तर लोक काय म्हणतील?"

आबा म्हणाले, "शर्यतीचा नियम माझा होता. वर्कशॉपचा नियम तुमचा. तो तुम्ही बदला. मी दर वर्षी बदलतो, मला अजून काही झालेलं नाही."

ट्रकमालक फेटा हलेपर्यंत हसले. वळून ओरडले, "ए हवालदार! जी गाडी पहिली आली ती कुणी दुरुस्त केली?"

"मीच, जी."

"बिघडवली कुणी?"

हवालदार घुटमळला. "ती बी मीच, जी."

"झालं तर मग. दोन्ही येतंय. पाडव्याला साताऱ्याला ये."

बाळांनो, तुमच्या भांडणाचा निकाल मी देत नाही. आबांच्या तांब्याच्या नियमाने पहिल्या नंबराचं काही वाकडं झालं नाही, आणि चिठ्ठ्यांच्या नियमाने जे झालं ते त्यांच्या मनात नव्हतंच. हवालदाराचं म्हणणं खरं होतं, पोतं शिकण्यावरच पडतं. आबांचंही खरं होतं, वरात बघायला कुणी घाट चढत नाही. तुझा स्वार जे शिकला आहे ते नव्या नियमात कुठे वापरायचं ते त्यालाच शोधावं लागेल. खिशात जादा प्लग असला म्हणजे झालं.

एक राहिलंच. पुढच्या दसऱ्याला शर्यत झाली नाही. सांगलीकरांचं लग्न निघालं होतं. पण दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दारात ओळखीचा आवाज आला. हवालदार साताऱ्याहून आला होता, अंगात वर्कशॉपचा निळा डगला, आणि त्याच्या त्या भंगारातल्या गाडीला त्याने स्वतः केलेली साइडकार जोडलेली.

आबा बाहेर आले, हाताने चाचपडून साइडकार बघितली आणि सवयीने तिच्यात पाय टाकायला लागले.

"आबा, तितं न्हाई," हवालदार म्हणाला. "तितं मी बसनार. तुमी हितं." त्याने सीटवर थाप मारली. "नियम बदललाय."

"मला दिसत नाही, हवालदार."

"घाट तुमचा. बघायला कशाला पायजे? माजा हात हँडलजवळच हाय."

काकू, आम्ही, पंचेवाले सगळे अंगणात. आबांनी छत्री काकूंच्या हातात दिली. आम्ही टांग्याने आधीच माथ्यावर जाऊन उभे राहिलो. आवाज चालण्याच्या गतीने वर येत होता. जावयापाशी तो अगदी हळू झाला, थांबतो की काय असं वाटलं, आणि मग वळणावरून आबांची टोपी दिसली.

गाडी थांबली. आबा उतरले. काकूंनी शर्यत असल्यासारखं विचारलं, "कोण आलं पहिलं?"

आबांनी साइडकारमध्ये बसलेल्या हवालदाराकडे तोंड वळवलं, थोडा विचार केला आणि म्हणाले, "अगं, दोघं एकदमच आलो."